संकेतस्थळावर नवे काही आले की संगणकाने हाक द्यावी : घरगुती सूचना-प्रोग्राम बनवण्याची पद्धत

म्हाडाच्या मुंबई मंडळाची सोडत, अकरावी प्रवेशाची पुढची फेरी, लोकसेवा आयोगाची जाहिरात, मुंबई विद्यापीठाचे परिपत्रक : या शहरात असंख्य माणसे एकाच संकेतस्थळाचे एकच पान दिवसभर पुन्हा पुन्हा उघडून पाहत असतात. हे काम संगणकाला सहज सोपवता येते. गिरणगावातल्या एका अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांसाठी मी असा एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि तो आजही चालू आहे. तो उभा करताना जे समजले ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांना क्रमाने मिळावे, म्हणून हा लेख. चल, अट, चक्र आणि फंक्शन एवढे पायथन येत असेल, तर पुढचे सर्व तुम्हाला जमेल. प्रत्येक पानाची बांधणी निराळी असल्यामुळे येथे तयार कोड दिलेला नाही. कोणते भाग लागतात, ते कोणत्या क्रमाने जोडावेत आणि कुठे फसगत होते, एवढेच सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. असा प्रोग्राम लिहिणे अवघड नाही. त्याच्या शांततेवर विसंबता येणे अवघड आहे. दिवसभर सूचना आली नाही, तर त्याचा अर्थ ‘नवे काही आलेले नाही’ एवढाच निघाला पाहिजे. ‘प्रोग्राम कालच बंद पडला होता’ असाही अर्थ निघू शकत असेल, तर तुम्ही पान हाताने उघडून पाहणे सोडणार नाही आणि सगळी मेहनत वाया जाईल. खालच्या बहुतेक पायऱ्या या एका कारणासाठी आहेत.

लागणारे साहित्य

विंडोज, लिनक्स किंवा मॅक यांपैकी कोणताही संगणक चालेल. उदाहरणे मी विंडोजची देतो, कारण घरोघरी तोच आढळतो. त्यावर पायथन ३ ची चालू आवृत्ती हवी. बाहेरून घ्यायच्या लायब्ऱ्या तीनच : पान आणण्यासाठी रिक्वेस्ट्स, पान उलगडण्यासाठी ब्यूटिफुल सूप आणि पडद्यावर सूचना दाखवण्यासाठी प्लायर. हॅश (मजकुरावरून काढलेला आखूड ठसा) काढणे, जेसन (माहिती ठरावीक रचनेत साठवण्याची साधी पद्धत) फाइल लिहिणे, नोंदवही ठेवणे यांची सोय पायथनमध्ये मुळातच आहे. साधा मजकूर-संपादक पुरतो. सरकारी कागद किंवा नोंदणी काहीही लागत नाही. ज्या पानांवर लक्ष ठेवायचे त्यांचे पूर्ण पत्ते मात्र आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवा.

१. प्रोग्रामची गरज खरोखर आहे का, ते पाहा

संकेतस्थळाच्या तळाशी किंवा सूचना-विभागात आरएसएसची (नव्या नोंदींची प्रोग्रामला वाचता येणारी यादी) खूण आहे का, ईमेल किंवा एसएमएसने कळवण्याची सोय आहे का, हे आधी शोधा. आरएसएस असेल तर निम्मे काम झाले, कारण त्यात प्रत्येक नोंदीचे शीर्षक, दुवा आणि बहुधा तारीख नीट वेगळी करून दिलेली असते आणि पानाची सजावट बदलली तरी ती रचना बदलत नाही.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. अतिवृष्टीचा इशारा, भरतीची वेळ, पाणी साचल्याची खबर यांसाठी घरगुती प्रोग्रामवर विसंबू नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तशा दिवशी सर्वांत आधी वीज आणि इंटरनेट जाते, आणि त्याबरोबर तुमचा प्रोग्रामही. अशा वेळी हवामान विभागाचे अधिकृत इशारे आणि महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हा क्रमांक हेच खरे आधार आहेत.

२. पान कसे बनलेले आहे, ते उघडून बघा

ब्राउझरमध्ये पान उघडून कंट्रोल आणि यू ही बटणे एकत्र दाबली की त्या पानाचा मूळ एचटीएमएल मजकूर दिसतो. पडद्यावर दिसणाऱ्या एखाद्या सूचनेतले दोन शब्द त्या मजकुरात शोधा. सापडले तर तुमचे काम सरळ आहे. सापडले नाहीत, तर यादी पान उघडल्यानंतर जावास्क्रिप्टने मागाहून भरली जाते, असे समजावे. तेव्हा एफ-१२ दाबून उघडणाऱ्या साधनांत नेटवर्क हा विभाग निवडा, पान ताजे करा आणि यादीची माहिती कोणत्या पत्त्यावरून आली ते पाहा. पुष्कळदा ती स्वच्छ जेसन स्वरूपात येत असते आणि पानापेक्षा तीच वाचणे सोपे जाते. सेलेनियमसारखे साधन वापरून आख्खा ब्राउझर चालवणे हा शेवटचा उपाय. तो जड आहे आणि लवकर मोडतो.

३. परवानगी आणि मर्यादा ओळखा

बहुतेक संकेतस्थळांच्या मूळ पत्त्यापुढे रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल असते. आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांनी कोणत्या पानांकडे फिरकू नये, हे त्यात लिहिलेले असते. हा शिरस्ता १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी सुचवला आणि २०२२ मध्ये तो आरएफसी ९३०९ (इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) म्हणून नोंदला गेला. तुमचे पान त्यात मनाई केलेल्या यादीत असेल तर तो विषय तेथेच सोडा. त्याचबरोबर संकेतस्थळाच्या वापराच्या अटीही वाचा.

लॉगिन करून दिसणारी पाने आणि कॅप्चा लावलेली पाने यांच्या वाटेला जाऊ नका. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीविना संगणकयंत्रणेत शिरणे, तिच्यातील माहिती उतरवून घेणे आणि तिच्या सेवेत अडथळा आणणे या सर्वांचा समावेश आहे. आपण सर्वांसाठी खुली असलेली पाने पाहतो आणि तीही सर्व्हरवर भार न टाकता पाहतो, एवढी शिस्त पाळली तर काळजीचे कारण राहत नाही.

पान किती वेळाने पाहावे? सूचनाफलकासाठी अर्धा तास पुरेसा आहे. निकालाच्या दिवशी हवे तर पंधरा मिनिटे. दर मिनिटाला पाहून तुम्हाला फारसा लाभ होत नाही, आणि निकालाच्या दिवशी आधीच वाकलेल्या सर्व्हरवर ओझे मात्र वाढते. ठरलेल्या वेळेत दोन-तीन मिनिटांचा यादृच्छिक फरक ठेवा, म्हणजे तासाच्या ठोक्याला सर्वांची गर्दी होते तीत तुमची भर पडणार नाही.

४. पान आणा, पण आंधळेपणाने नाही

रिक्वेस्ट्स वापरून पान आणणे एका ओळीचे काम आहे आणि त्या एका ओळीतच दोन खाचखळगे आहेत.

पहिला खळगा वेळमर्यादेचा. रिक्वेस्ट्स स्वतःहून कोणतीही वेळमर्यादा लावत नाही. सर्व्हरने जोडणी स्वीकारून पुढे उत्तरच दिले नाही, तर तुमचा प्रोग्राम ताटकळत बसून राहतो, कोणतीही चूक दाखवत नाही आणि बाहेरून पाहणाऱ्याला सारे सुरळीत असल्याचा भास होतो. म्हणून टाइमआउट प्रत्येक वेळी स्पष्ट लिहा. वीस सेकंद पुरतात.

दुसरा खळगा उत्तराच्या क्रमांकाचा. ४०४ (पान सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) असे उत्तर आले तरी ही लायब्ररी आपणहून तक्रार करत नाही. तिला तसे सांगावे लागते. २०० (पान मिळाले) आले म्हणजे सर्व ठीक, असेही नाही, कारण ‘देखभालीसाठी सेवा बंद आहे’ हे पानसुद्धा अनेक ठिकाणी २०० या क्रमांकानेच येते. यावर उपाय असा की, पानावर कायम असणारा एखादा शब्दसमूह, उदाहरणार्थ विभागाचे शीर्षक, खूण म्हणून निवडावा आणि तो सापडला तरच पान खरे मानावे.

४२९ (फार विनंत्या) किंवा ५०३ (सेवा तात्पुरती बंद) आले आणि सोबत रिट्राय-आफ्टर (किती वेळाने पुन्हा यावे) असेल, तर तेवढा वेळ थांबणे हे आपले कर्तव्य आहे. सर्व्हर ईटॅग (पानाच्या आवृत्तीची खूण) किंवा लास्ट-मॉडिफाइड (शेवटच्या बदलाची वेळ) पाठवत असेल तर ते जपून ठेवा आणि पुढच्या खेपेस परत पाठवा. पान बदललेले नसेल तर सर्व्हर केवळ ३०४ एवढेच कळवतो आणि दोन्ही बाजूंचा डेटा वाचतो. यूझर-एजंटमध्ये, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या ओळखीत, प्रोग्रामचे नाव आणि तुमचा ईमेल द्या, म्हणजे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला काही खटकले तर तो तुम्हाला थेट कळवू शकेल.

काही संकेतस्थळे ब्राउझरमध्ये उघडतात पण प्रोग्रामला मात्र प्रमाणपत्राची (संकेतस्थळाची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) चूक दाखवतात. सर्व्हरने प्रमाणपत्रांच्या साखळीतली मधली कडी पाठवलेली नसते. अनेक ब्राउझर ती स्वतः मिळवतात, रिक्वेस्ट्स मिळवत नाही. पडताळणी बंद करून टाकण्याचा सल्ला तुम्हाला ठिकठिकाणी वाचायला मिळेल. तो मानू नका. ती मधली कडी उतरवून साखळीच्या मूळ प्रमाणपत्रासह एका फाइलमध्ये ठेवा आणि त्या फाइलचा मार्ग प्रोग्रामला द्या.

५. तुलना नेमकी कशाची करायची, ते ठरवा

येथे सर्वांत जास्त वेळ द्या. नवशिक्याच्या मनात प्रथम येणारी युक्ती अशी असते की, पूर्ण पानाचा हॅश काढावा आणि तो बदलला की घंटा वाजवावी. सरकारी संकेतस्थळांवर ही युक्ती पहिल्याच तासात निकामी ठरते. तळाशी अभ्यागतांची संख्या असते, ती प्रत्येक भेटीला वाढते. कुठे आजची तारीख असते, कुठे फिरत्या छायाचित्रांचा क्रम बदलतो. एएसपी डॉट नेटवर (मायक्रोसॉफ्टची संकेतस्थळे बांधण्याची प्रणाली) बांधलेल्या पानांत व्ह्यूस्टेट नावाचा लांबलचक छुपा मजकूर असतो आणि तोही बदलत राहतो. परिणामी दर अर्ध्या तासाला खोटी सूचना येते, आणि दोन दिवसांत माणूस सूचनांकडे पाहणेच सोडून देतो.

म्हणून पानातला केवळ सूचनांचा तक्ता किंवा यादी ब्यूटिफुल सूपने वेगळी काढा, तिच्यातील प्रत्येक नोंदीचे शीर्षक आणि दुवा ही जोडी त्या नोंदीची ओळख माना आणि पूर्वी न पाहिलेली जोडी दिसली तरच सूचना द्या. केवळ सर्वांत वरची नोंद बदलली का, एवढेच पाहणेही धोक्याचे आहे, कारण महत्त्वाची जुनी सूचना महिनोन्महिने वर चिकटवून ठेवण्याची पद्धत असते आणि नवी सूचना तिच्या खाली येते.

पीडीएफचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. शुद्धिपत्रक काढण्याऐवजी मूळ पीडीएफच त्याच पत्त्यावर बदलली जाते, तेव्हा शीर्षकही तेच राहते आणि दुवाही तोच. जी कागदपत्रे तुमच्यासाठी निर्णायक आहेत, त्यांच्यापुरती फाइल उतरवून तिचा एसएचए-२५६ हॅश जपून ठेवा. तो बदलला तर आतला मजकूर बदललेला आहे. सर्वच पीडीएफ रोज उतरवू नका; दिवसातून एकदा, तेही मोजक्याच.

आकड्यांचे पान असेल तर तुलनेची रीतच पालटते. पावसाळ्यात मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा साठा महापालिका रोज जाहीर करते. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी यांची एकत्रित क्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर आहे आणि त्यातला साठा रोजच बदलतो. बदल झाला म्हणून सूचना देण्यात तेथे अर्थ नाही. साठा ठरावीक टक्क्यांची रेषा ओलांडतो तेव्हाच सूचना द्यावी आणि ती एकदाच द्यावी.

६. मराठी शब्द शोधताना घ्यायची काळजी

तुम्हाला सर्वच सूचना नको असतील, तर शब्दांनुसार गाळणी लावता येते. इंग्रजी पानांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात हा भाग नसतो, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

‘दुसऱ्या फेरीची यादी’ हे शब्द तुम्ही शोधत आहात, असे समजा. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो : एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. प्रोग्रामला मात्र ते वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडच्या सामान्यीकरणानेही (एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एक करण्याची सोय) ते एक होत नाहीत. तुलना करण्याआधी दुसऱ्या प्रकाराचे रूपांतर पहिल्यात करा आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हे काढून टाका. हा क्रम उलटा झाला तर जोडचिन्ह आधीच नाहीसे होते, पुढच्या अक्षरावर रफार चढतो आणि शब्द कायमचा बिघडतो. तुमचा शोधशब्द आणि पानावरचा मजकूर, दोन्ही याच फंक्शनमधून काढा.

आकड्यांचेही तसेच. कुठे वर्ष देवनागरी अंकांत असते, कुठे इंग्रजी अंकांत. दोन्ही एका पद्धतीत आणून मगच ताडून पाहा. ऱ्हस्व-दीर्घाचे भेद गृहीत धरा : जाहिरात आणि जाहीरात, शुद्धिपत्रक आणि शुद्धीपत्रक ही दोन्ही रूपे यादीत ठेवा.

मराठी मजकूर चित्रविचित्र रोमन चिन्हांसारखा आला, तर दोन शक्यता असतात. सर्व्हरने लिपीची सांकेतिक पद्धत कळवलेली नसली की रिक्वेस्ट्स चुकीचा अंदाज बांधते. अशा वेळी कच्चे बाइट थेट ब्यूटिफुल सूपकडे द्या किंवा यूटीएफ-८ असे स्वतः सांगा. दुसरी शक्यता अशी की, ते पान युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये लिहिलेले आहे. तेथे शब्दांची गाळणी चालणार नाही आणि नवी नोंद दुव्यावरूनच ओळखावी लागेल.

७. पाहिलेल्या नोंदींची आठवण जपा

पाहिलेल्या नोंदी एका जेसन फाइलमध्ये साठवा. फाइल उघडताना यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहा, कारण विंडोजवर पायथन एरवी जुनीच सांकेतिक पद्धत गृहीत धरू शकतो आणि पहिल्याच मराठी शीर्षकावर प्रोग्राम कोसळतो. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग तिचे नाव बदला, म्हणजे मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाइल उरणार नाही.

पहिल्यांदा चालवताना सर्वच नोंदी नव्या असतात. त्या मुकाट्याने साठवायच्या, सूचना द्यायची नाही. आणि यादी रिकामी आली, किंवा नेहमी पन्नास नोंदी असताना तीनच आल्या, तर ती आठवणीवर लिहू नका. अर्धवट उतरलेल्या पानामुळे आठवण पुसली गेली, तर पुढच्या खेपेस सर्व जुन्या नोंदी नव्या म्हणून धडाधड पडद्यावर येतील. आलेली यादी अशी संशयास्पद असेल तर तिची गणना अपयशात करा.

८. सूचना पडद्यावर दाखवा

विंडोजवर प्लायर ज्या जुन्या पद्धतीची सूचना दाखवते तिच्यात शीर्षकाला ६४ आणि मजकुराला २५६ चिन्हांची मर्यादा आहे, आणि तिच्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. त्यामुळे मराठी वाक्य अपेक्षेपेक्षा बरेच लवकर संपते. शीर्षकात संकेतस्थळाचे आखूड नाव द्या आणि मजकुरात नोंदीचे पहिले काही शब्द. पूर्ण मजकूर आणि दुवा नोंदवहीच्या फाइलमध्ये लिहा. एकाच वेळी दहा नोंदी आल्या तर ‘दहा नव्या नोंदी’ अशी एकच सूचना पुरे.

विंडोजमधील व्यत्यय नको ही सोय चालू असेल तर सूचना पुढे येत नाही. त्या सेटिंगमध्ये तुमच्या प्रोग्रामला अपवाद म्हणून नोंदवता येते.

९. टास्क शेड्यूलरमध्ये बसवा

प्रोग्राम सतत चालू ठेवण्यापेक्षा, दर अर्ध्या तासाला सुरू होऊन काम करून संपणारा ठेवणे चांगले. एखाद्या फेरीत बिघाड झाला तरी पुढची फेरी कोरी पाटी घेऊन सुरू होते. विंडोजचा टास्क शेड्यूलर हे काम करतो, परंतु त्याच्या मूळ सेटिंगमध्ये प्रोग्राम गुपचूप थांबवणाऱ्या अनेक गोष्टी आहेत.

लॅपटॉप चार्जरवर असेल तरच काम सुरू करावे, ही अट आधीपासून लावलेली असते, ती काढा. वापरकर्ता लॉगिन असो वा नसो चालवावे, हा पर्याय आकर्षक वाटतो, पण तो निवडला की प्रोग्राम तुमच्या पडद्याबाहेरच्या सत्रात चालतो आणि सूचना कोणालाच दिसत नाही. वापरकर्ता लॉगिन असतानाच चालवावे, हे निवडा. ‘स्टार्ट इन’ या रकान्यात तुमच्या फोल्डरचा मार्ग लिहा, अन्यथा प्रोग्राम आपली आठवणीची फाइल विंडोजच्या सिस्टम-३२ फोल्डरमध्ये शोधत बसेल. हुकलेली फेरी शक्य तितक्या लवकर चालवावी, हा पर्याय चालू करा, म्हणजे झोपवलेला संगणक जागा होताच पान पाहिले जाईल.

पहिली फेरी संपली नसेल तर दुसरी सुरू करू नये, हा मूळ नियम योग्य आहे, पण तीन दिवसांहून जास्त चाललेलेच काम थांबवावे, ही मूळ मर्यादा फार सैल आहे. चौथ्या पायरीतला टाइमआउट विसरलात आणि एखादी फेरी अडकली, तर हे दोन नियम मिळून तुमचा प्रोग्राम तीन दिवस मुका करतात. ती मर्यादा दहा मिनिटे किंवा यादीतली जवळची वेळ निवडून कमी करा.

काळी खिडकी दर अर्ध्या तासाला चमकू नये म्हणून पायथनऐवजी पायथनडब्ल्यू वापरा. मात्र त्यात चुकांचे संदेश कुठेच दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक फेरीची नोंद वेळेसह फाइलमध्ये होत असली पाहिजे. ही फाइल ठरावीक आकारानंतर आपोआप बदलण्याची सोय पायथनच्या लॉगिंग विभागात आहे.

१०. प्रोग्राम जिवंत असल्याची खूण

रोज सकाळी ठरलेल्या वेळी एक सूचना आलीच पाहिजे : किती पाने पाहिली, प्रत्येक पान शेवटचे यशस्वीपणे केव्हा वाचले, काल किती नव्या नोंदी सापडल्या. ही सूचना आली नाही, तर काहीतरी बिघडले आहे, हे तुम्हाला न्याहारीच्या वेळीच कळते. याशिवाय एखादे पान सलग चार फेऱ्या वाचता आले नाही, तर त्याची वेगळी सूचना द्या. एका अपयशावर ओरडणारा प्रोग्राम नको. पावसाळ्यात इंटरनेट वारंवार खंडित होते आणि ते परतही येते.

११. मुद्दाम मोडून पाहा

खऱ्या संकेतस्थळावर प्रयोग करू नका. पायथनमध्ये एक छोटा सर्व्हर आयता मिळतो. तो आपल्याच संगणकावर ८००० क्रमांकाच्या पोर्टवर चालवा, लक्ष्य पानाची प्रत त्याच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रोग्रामला तो पत्ता द्या. मग यादीत एक ओळ वाढवा : सूचना आली पाहिजे. अभ्यागतांचा आकडा बदला : येता कामा नये. यादी रिकामी करा, तो छोटा सर्व्हर बंद करा, पानाच्या जागी देखभालीची पाटी ठेवा, ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन्ही प्रकारे लिहा. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढून एक फेरी होऊ द्या.

१२. इतरांना देताना

पायइन्स्टॉलर वापरून एकच चालणारी फाइल बनवता येते आणि ज्याच्याकडे पायथन नाही त्यालाही ती देता येते. मात्र अँटिव्हायरस अशा फाइलवर अनेकदा विनाकारण संशय घेतो, म्हणून सोबत मूळ कोडही द्या. तरीही अभ्यासिकेसारख्या ठिकाणी वीस जणांच्या संगणकांवर वीस प्रती बसवणे मला योग्य वाटत नाही, कारण त्याच पानावर वीसपट भार पडतो. एकाच संगणकावर प्रोग्राम चालवा आणि नवी नोंद सापडली की तो ती टेलिग्रामच्या बॉटमार्फत (आपोआप संदेश पाठवणारे खाते) गटाला पाठवेल, असे करा. बॉटचे टोकन, म्हणजे त्याची गुप्त किल्ली, कोडमध्ये लिहू नका. ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल कोणालाही देऊ नका. सकाळची जिवंतपणाची सूचनाही त्याच गटात जाऊ द्या, आणि ती आली नाही तर संगणकाकडे कोणी पाहायचे, त्या दोघांची नावे आधीच ठरवून ठेवा.